जावयाच्या टीममध्ये

मुलगा पाहण्याच्या कामात पुसेगावच्या संतरामांचा हात धरणारा कोणी नव्हता. न कळवता मुलाच्या गावी जायचं, हॉटेलात चहा घ्यायचा, मुलाकडच्या गोठ्यातली जनावरं पोटभर खातात का ते पाहायचं आणि मगच मत बनवायचं, अशी त्यांची रीत होती. या रीतीनं त्यांनी आपल्या वैष्णवीसाठी आलेली तीन स्थळं परत पाठवली होती. वैष्णवी सेनगावच्या एका दवाखान्यात नर्स होती आणि कळमनुरीचं हे चौथं स्थळ तिला मनापासून आवडलं होतं. वडिलांना तसं कळलं तर ते आणखी बारकाईनं पाहतील, या भीतीनं ती त्या स्थळाला सारखी नावं ठेवत होती.

मुलाचं नाव मुंजाजी. खताचं दुकान होतं, व्यसन नव्हतं, गोठाही चांगला निघाला. फक्त हॉटेलवाला म्हणाला की पोरगा रोज संध्याकाळी सहा ते आठ मोबाइलवर बंदुकीचा खेळ खेळतो. संतराम विचारात पडले. दारू, पत्ते आणि मटका यांची चौकशी कशी करायची हे त्यांना पाठ होतं, पण हे प्रकरण नवीन होतं. दोन दिवसांनी त्यांनी ठरवलं की खेळात शिरूनच मुलगा पाहायचा.

"नव्या मानसानं यातला कोनता खेळ घ्यावा?" त्यांनी वैष्णवीला गंभीरपणे विचारलं.

"मला काय कळतंय त्यातलं, बाबा," ती म्हणाली आणि पाच मिनिटांत तीन खेळ डाउनलोड करून दिले.

पहिल्यात समोर नुसतं यंत्रच होतं, माणूस कोणी भेटत नव्हता, म्हणून तो बाद झाला. दुसऱ्यात उठून चालणारी मढी मारायची होती. संतरामांनी एक मारलं, मोबाइल खाली ठेवला आणि आंघोळ करून आले. तिसऱ्यात चार-चार जणांच्या टीम होत्या आणि आपसात, समोरच्या टीमशीही बोलता येत होतं. नव्या माणसाला हाच सोपा, नेम थोडा चुकला तरी गोळी लागते, आणि कळमनुरीवाले हाच खेळतात, असं वैष्णवीनं सांगितलं. हे तुला कसं माहीत, असं संतराम विचारणार होते, पण तेवढ्यात त्यांना कोणीतरी मारलं.

सराव सुरू झाला. अनोळखी माणूस समोर आला की त्याचं गाव विचारल्याशिवाय गोळी घालणं संतरामांना बरं दिसेना. ते विचारेपर्यंत पलीकडचा त्यांना आडवा करी. वसमतचा एक सद्गृहस्थ तेवढा थांबला. हळद किती वेळ शिजवावी यावर दोघांचं दहा मिनिटं बोलणं झालं आणि मग त्यानंही मारलं.

चौथ्या दिवशी वैष्णवीनं त्यांना खोट्या नावानं मुंजाजीच्या टीममध्ये घालून दिलं. संतराम कानात वायर घालून ओट्यावर बसले. परीक्षेसाठी मुद्दाम चुका कराव्या लागल्या नाहीत. ते पाच वेळा पडले आणि पाचही वेळा मुंजाजीनं गोळ्यांतून धावत येऊन त्यांना मलमपट्टी केली. एकदा त्यांनी आपल्याच पायाशी बॉम्ब टाकला, त्यात मुंजाजीही गेला, तरी तो म्हणाला, "काही हरकत न्हाई काका, नव्या मानसाकडून होतं." संतरामांचं मन भरून आलं. इतकी माया सख्ख्या भावानंही केली नव्हती.

नेमकी तेव्हाच अंगणात जीप थांबली. मुंजाजीचे वडील सोनाजी न कळवता आले होते. मुलाकडची माणसंही चौकशी करतात, हे संतरामांच्या ध्यानात कधी आलं नव्हतं.

"टेका जरा," ते मान वर न करता म्हणाले. "इकडं मानूस मरून राह्यलं."

सोनाजी टेकले. संतरामांच्या बायकोनं, नर्मदाबाईनं, दिलेलं पाणी घेत त्यांनी दहा मिनिटं पाहिलं. होणारा व्याही ओट्यावर पालथा पडून मोबाइलला दवा मागत होता. सोनाजींचा चेहरा उतरला.

"ताई, खरं सांगतो," ते नर्मदाबाईला म्हणाले. "आमच्या पोराला हाच नाद हाय. सासरा कडक हाय म्हनून ऐकलं, वाटलं तो तरी आवरंल." पुढं न बोलता ते उठले आणि जीपकडे निघाले.

चहा घेऊन दारात आलेल्या वैष्णवीनं हे ऐकलं. तिनं ट्रे खाली ठेवला, सोनाजींकडे पाठ करून वडिलांसमोर उभी राहिली, "बाबा, बस झालं," म्हणाली आणि त्यांच्या हातातून मोबाइल काढून घेतला. आजवर या घरात असं कोणी केलं नव्हतं. सोनाजी जागीच थांबले.

पडद्यावर तीन गडी मुंजाजीवर चालून येत होते. वैष्णवीचा अंगठा तीनदा हलला आणि तिघेही आडवे झाले. संतरामांच्या कानातल्या वायरीतून मुंजाजीचा आवाज आला, "काका, तिघं एका दमात? आता तुमीच शिकवा मला." मग तिनं मोबाइल बंद केला.

"बापाला आवरती, म्हंजी नवऱ्याला आवरंलच," सोनाजी परत येऊन बसत म्हणाले. "आमचं पक्कं हाय. सुपारी फोडायला कधी येऊ?"

सोयरिकीत काही लपवू नये, असं संतराम जन्मभर लोकांना सांगत आले होते. त्यांनी लेकीकडे पाहिलं. तिचे डोळे भरले होते आणि ती ट्रेमधला एकच कप पुन्हा पुन्हा सरळ करत होती. संतरामांनी कानातली वायर काढली.

"या बेस्तरवारी," ते म्हणाले. "पोरगी लई गरीब हाय आमची. मुंगीबी मारली न्हाई तिनं कधी."