पॉलिकार्पाची पंगत

अभिमन मास्तरांनी एखादी गोष्ट मनावर घेतली की ती तडीस जाईपर्यंत घरात कोणाला उसंत नसे. शाळेतून निवृत्त झाल्यावर त्यांनी ख्रिस्तमंडळीचा इतिहास मनावर घेतला. चोपड्याकडच्या त्या लहानशा गावात, चर्चच्या मागे त्यांनी स्वतः राबून पत्र्याचं शेड उभं केलं होतं. तिथे दर रविवारी ते तीस-चाळीस पोरांना जुन्या भक्तांची चरित्रं सांगत आणि शेवटी बजावत, "चरित्र ऐकून माना डोलवायच्या नसतात, तसं वागायचं असतं."

सत्त्याऐंशीच्या मार्चमध्ये देवाने त्यांचीच परीक्षा घेतली. गटारीच्या कामात शेड आडवं येतं, सोमवारी पाडणार, अशी नोटीस आली. चर्चचे पाळकसाहेब पाडकाम थांबवण्याचा अर्ज घेऊन जळगावला धावले. मास्तरांना मात्र आदल्याच रविवारी सांगितलेला पॉलिकार्प आठवला. श्रद्धा सोडत नाही म्हणून रोमन शिपाई धरायला आले तेव्हा त्या म्हाताऱ्या बिशपाने त्यांना आधी जेवू घातलं, प्रार्थनेला तासभर मागून घेतला आणि चांगले दोन तास प्रार्थना केली. मास्तरांनी बायकोला, सुगंधाबाईंना, सहा माणसांचा स्वयंपाक करायला सांगितलं.

सोमवारी दुपारी बाराला ट्रॅक्टर आला. मुकादम तोताराम माणसं आणि कुदळी घेऊन उतरतोय तोच मास्तरांनी त्याच्यापुढे हात जोडले आणि आधी जेवण, मग काम, असं सांगितलं. बाहेर ऊन मी म्हणत होतं. सावली काय ती शेडमध्येच, म्हणून पंगत तिथेच बसली. वांग्याचं भरीत, कळण्याची भाकरी, ठेचा. मग मास्तरांनी तासभर मागून घेतला, डोळे मिटले आणि आदामापासून सुरुवात केली. जिल्ह्यातल्या गावांची नावं घेत घेत ते आमेनला पोचले तेव्हा पावणेपाच झाले होते आणि सहाही माणसं घोरत होती. तोताराम जागा झाला, ओशाळला आणि उद्या येतो म्हणून गेला.

मंगळवारी आठ जण आले, तेही बाराच्या ठोक्याला. बुधवारी शेवभाजीची फर्माईश झाली. गुरुवारी ट्रॅक्टरवाल्याचा परगावचा मेव्हणासुद्धा पंगतीला बसला. तिकडे जळगावात अर्ज या टेबलावरून त्या टेबलावर फिरत होता. इकडे सुगंधाबाईंच्या तळहातांना भाकऱ्या थापून फोड आले. मास्तर हटायला तयार नव्हते. आज नाही तर उद्या शत्रूचं मन वितळेल, असं त्यांचं म्हणणं होतं.

"अहो, त्या बिशपाला बायको नव्हती का?" सुगंधाबाईंनी विचारलं.

"चरित्रात उल्लेख नाही."

"नसणारच. असती तर तिनं पहिल्याच दिवशी शिपायांना सांगितलं असतं, घेऊन जा एकदाचे यांना."

शुक्रवारी चूल पेटलीच नाही. ट्रॅक्टर थांबला तशा सुगंधाबाई पदर खोचून पुढे झाल्या, ट्रॉलीतली कुदळ उचलली आणि शेडच्या पहिल्या खांबावर घातली. पत्रे थरथरले, खांब कलला. रविवारी पोरं बसायची कुठे, असं मास्तरांच्या मनात आलं. सुगंधाबाईंनी दुसऱ्या घावासाठी कुदळ उगारली.

तोताराम धावत आला आणि त्याने कुदळीचा दांडा धरला.

"अक्का, हाई काय करी राह्यनात तुम्ही?" तो कळवळून म्हणाला. "शेड पाडं, ते आम्ही जेवाले कोठे बठसूत?"

त्याने माणसांना हाका मारल्या. पाडायला आलेल्या आठ जणांनी खांब सरळ केला, बुडाशी दगड ठोकून बसवले. मग तोताराम बराच वेळ चर्चच्या मागची पडीक जागा न्याहाळत उभा राहिला. संध्याकाळी गटारीच्या आखणीची दोरी शेडपासून चार हात पलीकडे सरकली. तिचं एक टोक तोतारामने धरलं होतं आणि दुसरं सुगंधाबाईंनी.