शेवटून तिसऱ्या नगरीने मापनसाहेबापुढे मौन धरिले त्याची हकीकत

श्रीग्रामदेवता समर्थ. जिने आमच्या नगरीस धूळ, गर्दी आणि माणसे ही तिन्ही उदंड दिली, तिचे पायी मस्तक ठेवून, कोणाचा द्वेष मनी न धरिता, मापनसाहेबाचा मात्र थोडा धरून, घडले तैसे लिहितो. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसु नाम संवत्सरे, मार्गशीर्षमासी सात समुद्रांपलीकडील मापनदरबाराने राहावयास योग्य अशा शहरांची क्रमवारी जाहीर केली आणि तीत आमची नगरी शेवटून तिसरी लाविली. कारणे काय, तर गोंगाट बहुत, रस्ते अरुंद, वाहने वाकडी, आणि परक्या माणसाच्या खासगी गोष्टींत नागरिकांची ढवळाढवळ अतोनात. हे वर्तमान मोबाईलवर येताच नगरीत एकच कल्लोळ उसळला, आणि चहाच्या गाड्यांवर दरबार भरले, आणि जे कालपर्यंत खड्ड्यांवरून नगरपालिकेस लाखोली वाहत होते तेच आज खड्ड्यांची बाजू घेऊन भांडू लागले, की आमच्या खड्ड्यांना आम्ही नावे ठेवू, हे कोण टिकोजीराव?

परंतु खरा घाव बसला तो सगुणाबाई बोधनकर यांजवर. बाई तांबट आळीत एकट्या राहत आणि पापड लाटून विकीत. चिरंजीव श्रीरंग परदेशी राहत, आणि तेही क्रमवारीत पहिल्या आलेल्या शहरी. त्याने फोन करून म्हटले, “आई, आता तरी ऐक. घर विकू आणि तू इकडं ये. इथली शांतता बघ एकदा.” बाई बोलिल्या, “शांतता घेऊन काय करू रं? तिच्याशी बोलू?” श्रीरंग म्हणाला, “हट्ट नको. जगानं सांगितलंय ते शहर राहण्यालायक नाही म्हणून.” मग बाईंस संताप आला आणि संतापाचे भरात त्यांनी शब्द दिला, की साहेबास फिरून बोलावू, नगरी वर चढली तर हा विषय कायमचा बंद, न चढली तर चैत्रात मी तुजकडे येते. फोन ठेविल्यावर पस्तावल्या, परंतु शब्द गेला तो गेला.

मग बाई थेट नगराधिप बाबाराव काळदाते यांचे कचेरीत गेल्या आणि म्हणाल्या, “काय बी करा, पर मला माझ्या घरात राहू द्या.” बाबारावांचे डोळे पाणावले. त्यांनी मापनदरबारास विनंती केली, साहेब फेरमोजणीस येण्यास राजी जाहले, आणि इकडे मसलत होऊन हुकूम सुटला, की त्या दिवशी कोणी हॉर्न वाजवू नये, तांबटांनी हातोडा उचलू नये, आणि मुख्य म्हणजे रस्त्यात दिसलेल्या कोणाही पाहुण्यास एक अक्षर विचारू नये. कारण या नगरीचा रिवाजच ऐसा, की हाती बॅग घेऊन कोणी दिसला की प्रथम “कुणाकडं?” मग “जेवलासा का?” आणि मग हातचे काम टाकून त्यास घराच्या दारापर्यंत पोहोचविणे. मागील खेपेस साहेबांनी फक्त पोस्टाचा रस्ता विचारिला, तर तिघांनी त्यांस अद्याप लग्न का केले नाही हे विचारिले, आणि तेच त्यांनी ढवळाढवळीचे रकान्यात लिहिले. सबब हुकूम शहाणपणाचा वाटला. परंतु एक गोष्ट त्या थोर मसलतीत कोणाचेच ध्यानी आली नाही, की आमचे येथे आळी गप्प होते ती एकाच प्रसंगी. आळीत कोणी गेले म्हणजे हातोडे थांबतात, आणि त्या घरच्या माणसास पाहून लोक माना खाली घालितात.

नेमल्या दिवशी साहेबांची स्वारी आवाज मोजण्याचे यंत्र घेऊन तांबट आळीत दाखल जाहली. चहूकडे चिडीचूप. साहेब बहुत प्रसन्न. आणि दैवयोग पाहा, त्याच समयी श्रीरंग न कळविता आईस न्यावयास म्हणून आला आणि स्टँडवर उतरला. रिक्षावाला म्हाळू, शाळेत याचे बाकावर बसणारा, याने श्रीरंगास पाहून तोंड उघडिले, हुकूम आठवला, आणि मान खाली घातली. वाण्याने पाठ फिरविली. आळीच्या तोंडाशी येतो तो एकही हातोडा वाजेना. बॅग तेथेच टाकून तो धावत सुटला, आणि दारी येऊन “आई!” म्हणून ऐसा हंबरडा फोडिला की साहेबांचे यंत्र हातातून सुटता सुटता राहिले.

आतून सगुणाबाई पिठाचे हात घेऊन बाहेर आल्या. “काय झालं रं? वरडतोस कशापायी?” श्रीरंग उंबऱ्यावर मटकन बसला आणि लहान मुलासारखा रडू लागला. “आई, तू आहेस ना? स्टँडपासून कोणी माझ्याशी बोललंच नाही.” हे ऐकिले मात्र, बाई घर विसरल्या, शब्द विसरल्या, आणि पायरीवर उभ्या राहून साहेबादेखत गरजल्या, “माझं पोर एवढ्या लांबनं आलं आन् एकानं हाक मारली न्हाई? वाचा बसली काय तुमची?” म्हाळू दुरून म्हणाला, “मावशी, हुकूम हाय!” “हुकूम गेला चुलीत!”

मग काय विचारता! “कवा आलास रं?” “वाळलास की लेका!” “बायकोला न्हाई आणलंस?” ऐसा चहूबाजूंनी वर्षाव जाहला, आणि हातोडे सुरू जाहले, आणि रिक्षांनी आनंदाने हॉर्न दाबिले, आणि खुद्द नगराधिप गर्दीतून वाट काढीत “आधी जेवलास का ते सांग” म्हणू लागले. यंत्राचा काटा शेवटास जाऊन चिकटला. साहेबांसही धरून पंगतीस बसविले, पापड वाढिले, लग्नाचे पुन्हा विचारिले. साहेब पोटभर जेविले आणि प्रामाणिकपणे नगरी शेवटून दुसरी लावून गेले.

बाई हरल्या. साहेबांची गाडी दिसेनाशी होताच त्या मुकाट्याने भिंतीवरील यजमानांची तसबीर उतरवू लागल्या. श्रीरंगाने त्यांचा हात धरिला आणि म्हणाला, “राहू दे, आई. आज एकदाच कोणी बोललं नाही तर मला वाटलं माझं सगळं संपलं. तिकडं मी रोज असाच घरी जातो गं.” बाईंनी तसबीर खिळ्यास पुन्हा लाविली आणि पदराने त्याचे तोंड पुसले.

येणेप्रमाणे नगरी एक पायरी खाली गेली, आणि बाई आपले घरी राहिल्या, आणि त्याबद्दल आम्हांस रतिमात्र खेद नाही. दुसरे दिवशी श्रीरंग कोपऱ्यावर कोथिंबीर आणावयास गेला तो दोन प्रहरपर्यंत परतला नाही. दर चार पावलांवर कोणी तरी कवा आलास म्हणून विचारी, आणि तो उभा राहून प्रत्येकास पहिल्यापासून सांगत होता.