पोलाद कामगार लाल का झाले?

देवराव सकाळपासून घरभर येरझारा घालत होते. चष्मा चारदा पुसून झाला, चहा दोनदा गार झाला. आणि जीव खालीवर का होणार नाही? भिलाईच्या पोलाद प्लांटमधून रिटायर झाल्यावर माणसाला कुठलं तरी अध्यक्षपद लागतंच, आणि आज मराठी मंडळाची निवडणूक होती. समोर दुर्गच्या शिल्पाताई. एकतीस सदस्यांपैकी सोळा आपले, असा देवरावांचा पक्का अंदाज. मतदानाआधी एक व्याख्यान ठोकून उरलेल्यांनाही खिशात घालायचं, हा बेत.

विषय मोठा झकास होता. अमेरिकेतले पोलाद कामगार पिढ्यान्‌पिढ्या निळ्या पक्षाचे. कारखाने बंद पडत गेले आणि हेच लोक लाल पक्षाकडे निघाले, म्हणजे शेटजींच्या पक्षाकडे! पण फलक रंगवणाऱ्या शामसुंदरला जागा पुरेना, म्हणून त्याने सरळ अमेरिकाच गाळली. उरलं ते हे: ‘पोलाद कामगार लाल का झाले? वक्ते: देवराव’.

आता भिलाईत लाल म्हणजे लाल झेंड्याची युनियन, हे शेंबडं पोरही सांगेल. मरोद्याहून त्या युनियनचे वीस जण हार घेऊन हजर झाले. ते कळताच दुसऱ्या युनियनचे पंचवीस जण जाब विचारायला आले. सगळ्या खुर्च्या पाहुण्यांनी धरल्या, मंडळाचे सदस्य भिंतीला टेकून उभे राहिले, आणि त्यांच्या वाट्याचे पोहेही संपले.

देवराव घामाघूम झाले. तिकडे लाल म्हणजे मालकांचा पक्ष, असं त्यांनी सांगताच लाल झेंडेवाल्यांनी हार पिशवीत परत ठेवला. पण आता कामगारही त्याच पक्षात आहेत, असं घाईघाईने जोडताच दुसरे पंचवीस उठून उभे राहिले. शेवटी देवराव वैतागले आणि लिहून आणलेले कागद त्यांनी बाजूला सारले.

“रंगाचं सोडा ना बाप्पा. ज्या पक्षाले वाटलं का हे लोक जाऊन जाऊन कुठं जातील, त्याचे लोक गेले. एवढंच सांगून राहिलो मी.”

मग दोन्ही युनियननी टाळ्या वाजवल्या आणि तो हार पिशवीतून निघून देवरावांच्या गळ्यात पडला. त्यांचा जीव भांड्यात पडला. पाहुणे गेले, चिठ्ठ्या पडल्या, मोजणी झाली. शिल्पाताई सोळा, देवराव पंधरा.

घरी येताना स्कूटरवर देवराव एकेकाच्या नावाने बोटं मोडत होते. भैय्याजी फुटला असेल की माणिक? मागे बसलेल्या त्यांच्या पत्नी वसुंधराबाई बराच वेळ ऐकत होत्या. रेल्वे फाटकाजवळ त्यांना राहवलं नाही.

“नका शोधू. ते मत माह्यं होतं.”

देवरावांनी स्कूटर कडेला घेतली. “तुह्यं? कावून वो?”

“महिनाभर साऱ्याइच्या घरी मत मागाले गेले तुमी,” वसुंधराबाई पदर सावरत म्हणाल्या. “शिल्पा माह्याकडे दोनदा येऊन गेली. तुमी मले एकदा तरी मागितलं का?”