बहात्तरावा पत्रा

"डोळे फसतात, कागद फसत नाही," हे श्यामसुंदररावांचं लाडकं वाक्य. हडपसरला आप्पासाहेबांच्या पंपांच्या कारखान्यात ते बावीस वर्षं सुपरवायझर होते आणि तेवढ्या काळात हे वाक्य त्यांनी ऐकवलं नाही असा माणूस कारखान्यात उरला नव्हता. कामगार समोर धडधडीत उभा असला, तरी मस्टरवर सही नसेल तर श्यामसुंदररावांच्या लेखी तो घरी झोपलेला असे.

अशा माणसाच्या हाती चाळीस पानांची नियमावली पडली, म्हणजे काय होणार ते तुम्हीच ओळखा.

झालं होतं असं की कारखान्याचं छप्पर जुन्या सिमेंटच्या पत्र्यांचं, म्हणजे ॲसबेस्टॉसचं. पत्रा दिसायला गरीब, पण फुटला, कापला की त्याचे डोळ्यांना न दिसणारे तंतू हवेत उडतात, श्वासाबरोबर छातीत जाऊन बसतात आणि वीस-तीस वर्षांनी डोकं वर काढतात. पंप घेणाऱ्या मोठ्या कंपनीनं कळवलं, छप्पर नियमानं उतरवा, तोवर माल घेणार नाही. आप्पासाहेबांनी आधी सगळ्या कामगारांच्या छातीचे फोटो काढून घेतले. ते स्वच्छ निघाल्यावर सुटकेचा श्वास टाकला, कारखाना बंद ठेवला आणि 'जबाबदार व्यक्ती' या रकान्यात श्यामसुंदररावांची सही घेतली.

सही करताना श्यामसुंदरराव एवढंच म्हणाले, "एक तुकडा इकडचा तिकडे झाला तर नाव बदलीन."

आणि खरं सांगायचं तर काम त्यांनी चोख करून घेतलं. युसूफभाई म्हणून मोमीनपुऱ्यातले जुने, परवानाधारक कंत्राटदार होते. त्यांची माणसं पांढरे सूट आणि तोंडावर घट्ट मास्क लावून वर चढली. पत्रा आधी पाण्यानं भिजवायचा, बोल्ट हळूच सोडवायचे, अख्खा पत्रा खाली घ्यायचा, दुहेरी प्लॅस्टिकमध्ये गुंडाळायचा, वर धोक्याची चिठ्ठी लावायची. सुका झाडू मारायचा नाही. चहा कामाभोवती बांधलेल्या लाल-पांढऱ्या पट्टीच्या बाहेर, तोही हात धुऊन. श्यामसुंदरराव त्या पट्टीशी उभे राहून नियमावलीतलं एकेक कलम मोठ्यानं वाचत. तिसऱ्या दिवशी युसूफभाईंच्या माणसांना ती पाठ झाली होती.

एवढ्या कडेकोट बंदोबस्तात एकाच माणसानं तोंड उघडलं होतं. गेनबा, कारखान्याचा वॉचमन. राहायला फुरसुंगीच्या वाटेवर मळ्यात, घरी एक म्हैस. आपल्याकडे कुणाचं जुनं छप्पर उतरलं की दहाजण दहा पत्रे मागतात, त्यात गैर काही नाही. गेनबानंही डोकं खाजवत विचारलं होतं, "सायेब, येक पत्रा भेटंल का? म्हशीच्या गोठ्याला हुईल."

"गेनबा, हा पत्रा नव्हे, विष आहे," श्यामसुंदरराव म्हणाले आणि पुढे पाऊण तास बोलले.  दुसऱ्या दिवशी गेनबा लेकीकडे बिबवेवाडीला बारशाला म्हणून रजेवर गेला.

शनिवारी दुपारी काम संपलं. चार वाजता मोठ्या कंपनीच्या सुरक्षा अधिकारी रझिया मॅडम येणार, पत्र्यांचा आकडा ताडून पाहणार, सही करणार. मग घातक कचऱ्याची परवाना असलेली गाडी माल घेऊन जाणार, सोमवारपासून नवं छप्पर चढणार आणि पंधरा दिवसांत पंप सुरू. आकडा जुळला नाही तर मात्र सही नाही. तीस माणसं घरी बसलेली होती.

श्यामसुंदररावांनी शेडच्या बांधकामाचं १९८९ सालचं रजिस्टर काढलं. त्यात स्वच्छ लिहिलं होतं : सिमेंटचे पत्रे, नग बहात्तर.

त्यांनी गुंडाळलेले पत्रे मोजले. एकाहत्तर भरले. उलट्या बाजूनं मोजले. तरी एकाहत्तरच.

"साहेब," युसूफभाई म्हणाले, "तो भिंतीशी एक वेगळा ठेवलाय ना, तो—"

"वेगळं काही नाही. नियम सगळ्यांना सारखा. तुम्ही वर किती सोडवले?"

"एकाहत्तर. म्हणूनच सांगतोय, तो जो—"

"युसूफभाई, रजिस्टर बहात्तर म्हणतंय. मी तुमचं ऐकू की रजिस्टरचं?"

युसूफभाईंनी आयुष्यात बरीच छपरं उतरवली होती, पण रजिस्टर उतरवण्याचा परवाना त्यांच्याकडे नव्हता.

श्यामसुंदररावांच्या डोक्यात मात्र लख्ख प्रकाश पडला. पत्रा कुणी मागितला होता? गेनबानं. रजेवर कोण गेलं? गेनबा. एरवी किल्ल्या कुणाकडे? गेनबाकडे. आणि मग त्यांना भीतीच वाटली, कारण गेनबाची दोन नातवंडं त्या गोठ्यातच खेळतात हे त्यांना ठाऊक होतं. रागापेक्षा ती भीती मोठी होती. त्यांनी तीन कोरे सूट घेतले, युसूफभाई आणि त्यांचा एक माणूस टेम्पोत घातला, पाण्याचा पंप, प्लॅस्टिक, पट्टी घेतली आणि निघाले.

टेम्पोत युसूफभाईंनी पुन्हा तोंड उघडलं. "साहेब, तुमच्या टेबलावरचा जो—"

"माझ्या टेबलावर काय आहे ते मला माहीत आहे. तुम्ही मास्क तपासा."

गेनबाच्या गोठ्यावर पत्रा होता. चांगला अख्खा, राखाडी, सिमेंटचा. पाहताक्षणी श्यामसुंदररावांना आनंद आणि संताप एकदमच झाला. सगळ्यांनी सूट चढवले, मास्क लावले, आणि तीन पांढऱ्या आकृत्या गोठ्याकडे चालू लागल्या.

दारात गेनबाची बायको सोजरबाई होती. तिनं हातातलं सूप खाली टाकलं आणि म्हशीच्या गळ्यात हात टाकून उभी राहिली.

"माज्या म्हशीला कायबी झालं न्हाय. चांगली चारा खातीया."

"आम्हाला म्हैस नकोय, बाई. वरचा पत्रा हवाय."

"पत्रा? कशापायी?"

"तो कारखान्यातला आहे."

"आवं, त्यो माज्या सासऱ्यानं घातलाय. त्येंना जाऊन धा वर्सं झाली."

"म्हणजे आता त्यांना विचारायची सोय नाही. हे बरं झालं तुमच्या दृष्टीनं," श्यामसुंदरराव म्हणाले.

पुण्यात असलं बोलणं रोज चालतं आणि कुणी मनावर घेत नाही. सोजरबाईचा चेहरा मात्र पडला. तिनं मुकाट्यानं म्हैस सोडली, पोरांना घेतलं आणि लांब लिंबाखाली जाऊन बसली.

ते वर्ष लम्पीच्या साथीचं होतं. गोठ्यापाशी पांढरे सूट दिसल्याबरोबर वस्तीभर बातमी गेली की जनावरांच्या लशीची माणसं आली. श्यामसुंदररावांनी गोठ्याभोवती पट्टी बांधून मागं वळून पाहिलं, तर रांगेत अकरा जनावरं उभी. सगळ्यात पुढे एक म्हातारा, त्याच्या हातात तांबड्या गायीचं दावं.

"डाक्टर, हिला आधी घ्या. हिचं दिस भरत आल्यात."

"मी डॉक्टर नाही."

"मंग पांढरं कशापायी घातलंय?"

"आजोबा, इथे धोका आहे. लांब व्हा."

"धोका हाय म्हणूनच आणलीया न्हवं?"

श्यामसुंदररावांनी नियमावलीतलं कलम सांगितलं. म्हाताऱ्यानं ते नीट ऐकून घेतलं आणि गाय दोन पावलं पुढे सरकवली. मागून कुणीतरी ओरडलं की वशिल्यानं नंबर लावायचा नाही. एवढ्यात एका कालवडीनं 'प्रवेश बंद' लिहिलेली पट्टी हातभर खाल्ली. चाळीस पानांत कालवडीबद्दल एक अक्षर नव्हतं. शेवटी युसूफभाईंनीच पुढे होऊन सगळी रांग शेजारच्या रानात पार लांब नेली आणि लस सोमवारी सरकारी दवाखान्यात मिळते असं समजावलं. मगच पत्रा भिजला, सुटला आणि कुठेही न तडकता प्लॅस्टिकमध्ये गेला. म्हैस उन्हात उभी राहून बघत होती.

चारला पाच कमी असताना टेम्पो कारखान्यात शिरला. श्यामसुंदरराव अशा थाटात उतरले की जणू गड घेऊन आले.

रझिया मॅडम बारीक अंगाच्या, शांत बोलणाऱ्या होत्या. त्यांनी एकेक गुंडाळी बोटानं मोजली. "बहात्तर. छान. पॅकिंग फार नीट केलंय." त्यांनी पेन काढलं. श्यामसुंदररावांचा जीव भांड्यात पडायलाच आला होता, तेवढ्यात मॅडमची नजर भिंतीकडे गेली.

"आणि हा?"

भिंतीला एक पत्रा टेकवून ठेवला होता. तीन दिवसांच्या पाण्यानं धुऊन निघालेला, दुधी, आरपार उजेड येणारा.

"हेच तर दुपारपासून सांगतोय, मॅडम," युसूफभाई म्हणाले. "हा फायबरचा. शेवटच्या रांगेतला, साहेबांच्या टेबलाच्या बरोबर वरचा. काजळीनं काळा झाला होता म्हणून कुणाला कळत नव्हतं. यात ॲसबेस्टॉस नाही, म्हणून वेगळा ठेवला."

रझिया मॅडमनी मनाशी बेरीज केली. "छपरावरचे एकाहत्तर आणि हा एक. बहात्तर झाले. मग गुंडाळलेला बहात्तरावा कुणाचा?"

 मॅडमनी रजिस्टर हातात घेतलं आणि पानं पुढे उलटली. साल २००६. एक अर्ज चिकटवला होता. त्यांनी तो वाचला. "माझ्या टेबलावर उजेड पुरत नसल्याने वरील एक पत्रा काढून तेथे पारदर्शक पत्रा बसवावा, ही विनंती." खाली सही होती. ठसठशीत, वळणदार, खाली दोन रेघा मारलेली. हडपसरात ती सही ओळखत नाही असा एकही कामगार नव्हता.

श्यामसुंदरराव स्वतःच्या सहीकडे बघत राहिले. सोळा वर्षं ते त्या पत्र्याखाली बसले होते. तो काळा पडत गेला तशी त्यांनी ट्यूब लावून घेतली, पण मान वर करून एकदाही पाहिलं नाही. आणि तरी, लाज वाटण्याआधी त्यांना जे वाटलं ते निखळ हायसं होतं. या कामात एकही तुकडा बाहेर गेला नव्हता. कुणाच्या पोरांच्या छातीत काही गेलं नव्हतं. गेनबानं काही नेलं नव्हतं. मग मागून लाज आली, आणि ती मात्र चांगली पोटभर आली.

त्यांनी मॅडमना सगळं सांगितलं, म्हाताऱ्याच्या गायीसकट. मॅडम हसल्या नाहीत, पण पेन बराच वेळ ओठांवर धरून होत्या.

"तोही पत्रा गाडीत जाऊ द्या," शेवटी त्या म्हणाल्या. "पोरं खेळतात तिथे असण्यापेक्षा बरा. फक्त नोंद खरी करा. छपराचे एकाहत्तर, बाहेरचा एक."

श्यामसुंदररावांनी नोंद केली. मॅडमनी सही केली. गाडी फाटकाबाहेर पडली तेव्हा आप्पासाहेबांनी युसूफभाईंना मिठी मारली. श्यामसुंदररावांना काही म्हणाले नाहीत, हीच मोठी मेहेरबानी.

रविवारी सकाळी फुरसुंगीच्या वाटेवर टेम्पो पुन्हा थांबला. या वेळी अंगात साधा सदरा होता. गेनबा बारशाहून परतला होता. सोजरबाईनं डोळे बारीक करून पाहिलं.

"कोन, कालचं डाक्टर व्हय?"

"डॉक्टर नाही. सुपरवायझर," श्यामसुंदरराव म्हणाले. "बाई, माझं चुकलं. मी गेनबाला चोर ठरवलं. तुमच्या सासऱ्यांबद्दल बोललो ते तर बोलायलाच नको होतं. मला क्षमा करा."

सोजरबाई आत गेली आणि चहाचं आधण ठेवलं. गेनबा तेवढा म्हणाला, "सायेब, नुस्तं इचारलं आस्तं तरी सांगितलं आस्तं."

तो दुधी फायबरचा पत्रा आप्पासाहेबांच्या परवानगीनं, रीतसर लेखी नोंद करून, म्हशीच्या डोक्यावर चढला.

पंधरा दिवसांनी कारखाना नव्या छपराखाली सुरू झाला. पहिल्याच सकाळी गेनबा दुधाचा तांब्या घेऊन टेबलापाशी आला.

"सायेब, गोठ्यात आता उजेड येतुया. म्हशीला चारा नीट दिसतो, लई खाती. दूध वाढलंय बगा."

"किती वाढलं? लिहून ठेवलंस का कुठे?" श्यामसुंदररावांच्या तोंडून सवयीनं निघून गेलं.

"न्हाय जी," गेनबा म्हणाला. "डोळ्यानं बगितलं."

श्यामसुंदररावांनी तांब्या ठेवून घेतला. गेनबा फाटकाकडे गेल्यावर त्यांनी आजूबाजूला कुणी नाही असं पाहून मान वर केली आणि आपल्या टेबलावरचं छप्पर एकदा नीट बघून घेतलं.