खंडेनवमीचं तेल

खंडेनवमीला घरातलं प्रत्येक हत्यार पूजेला बसलंच पाहिजे, हा गुणाजी परबचा कायदा होता. भांडुपच्या त्याच्या दोन खोल्यांत हत्यारं ती किती? जानकीची विळी, शिवणाची कात्री, गुणाजीचे पाने आणि एक कोयता, जो गावाहून आल्यापासून नारळाखेरीज कुणाच्या वाटेला गेला नव्हता. त्या वर्षी मात्र पाटावर आणखी एक जोडी येऊन बसली. मुलीचे, सुलक्षणाचे, चाकांचे स्केट्स. ते पूजेत ठेव असं खुद्द गुणाजीनेच सांगितलं, तेव्हा जानकीने कुंकवाचा करंडा खाली ठेवला आणि नवऱ्याला ताप तर नाही ना, ते नीट न्याहाळून घेतलं.

तिचंही बरोबर होतं. चार वर्षांपूर्वी सुलक्षणा मुलुंडच्या एका क्लबात फिगर स्केटिंग शिकायला लागली, तेव्हा याच गुणाजीने "चाकं लावून फिरायला तू काय हातगाडी हायस?" असं विचारून घर डोक्यावर घेतलं होतं. आपल्याकडे बर्फ कुठला? सिमेंटच्या फरशीवर, आखूड फ्रॉक घालून, एका पायावर तोल सांभाळत आकृत्या काढायच्या आणि परीक्षकांनी त्या वाकून बघायच्या, असा हा खेळ. गुणाजी एकदाही बघायला गेला नाही. मुलगी दोनदा राज्यात तिसरी आली. ते दोन्ही कप तो घरात कुणी नसताना पुसून ठेवायचा, पण हे त्याने जानकीलाही कळू दिलं नव्हतं.

आता सुलक्षणाला टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरी लागली होती. दिवाळीनंतर पाळ्या सुरू झाल्या की सराव संपला. दसऱ्याच्या दुपारची निवड स्पर्धा ही तिची शेवटची. पहिल्या दोघी महाराष्ट्राच्या संघात जाणार होत्या आणि तिला शिकवणाऱ्या ह्युबर्ट सरांच्या मते या वेळी तिला कुणी अडवू शकत नव्हतं. "बाबा, या वेळी तरी या," एवढंच ती म्हणाली होती. तेव्हापासून गुणाजीला फार वाईट वाटत होतं. चार वर्षं पोरगी एकटी जाते आणि एकटी येते, आणि आपण काय केलं, तर नाक मुरडलं.

म्हणून त्याने तिच्यासाठी काहीतरी करायचं ठरवलं, आणि तिथेच घोटाळा झाला.

गुणाजी गिरणीत यंत्रांना तेल घालणारा तेलवाला होता. संपात गिरणी गेली, तो एका कारखान्यात खोकी बांधायला लागला, पण हाताची सवय थोडीच जाते? पूजेआधी त्याने स्केटचं एक चाक बोटाने फिरवून पाहिलं. ते जेमतेम एक वळसा घेऊन थांबलं. दुसरं तसंच, तिसरं तसंच. असल्या अडलेल्या चाकांवर आपली पोर चार वर्षं पाय ओढत होती! त्याने सगळे नट सैल केले आणि शिवणयंत्राचा तेलाचा डबा प्रत्येक चाकात मनापासून रिकामा केला. मग चाक एकदा फिरवलं की जानकीची चपाती लाटून होईपर्यंत फिरत राहायचं. गुणाजीला गिरणीतले दिवस आठवले. त्याने स्केट्स पुसले, फुलं वाहिली आणि कुणाला काही बोलला नाही. मुलीला रिंकवरच कळू दे, असं त्याला वाटलं.

संध्याकाळी सुलक्षणा सरावासाठी स्केट्स मागायला आली. पूजेतल्या हत्याराला दसऱ्यापर्यंत हात लावायचा नाही, असं बापानेच तिला ठणकावलं. ती बिचारी रिकाम्या हाताने मागे फिरली.

दसऱ्याला दुपारी गुणाजी इस्त्रीचा शर्ट घालून रिंकवर पोचला आणि थेट पहिल्या ओळीत बसला. शेजारी जयवंत सावे म्हणून गृहस्थ होते. त्यांची मुलगीही स्पर्धेत होती आणि ते स्वतः या खेळातले जुने मुरलेले पालक. गुणाजीची ही पहिलीच खेप, हे कळल्यावर त्यांनी त्याला शहाणं करायला घेतलं. फरशीवर इंग्रजी आठासारखी दोन वर्तुळं रंगवलेली होती. त्या रेघेवरून एका पायावर, जमेल तितकं हळू जायचं.

"वेग आला की मेला," सावे म्हणाले. "म्हणून तर पोरी चाकं आवळून आवळून ठेवतात."

गुणाजी धडपडत उठेपर्यंत सुलक्षणाचं नाव पुकारलं गेलं होतं.

तिने हलकेच पाय रेटला. एरवी ती अर्ध्या वर्तुळापर्यंत संथ गेली असती. त्या दिवशी पहिलं वर्तुळ संपल्याचं तिला दुसऱ्यात गेल्यावर कळलं. थांबायला जावं तर चाकं ऐकेनात. वर दर वळणाला तेल बाहेर पडत होतं. सिमेंटवर कुणाच्याच चाकांची खूण उमटत नाही, त्यामुळे थोडंफार चुकलेलं खपून जातं. सुलक्षणाची मात्र लखलखीत रेघ उमटली आणि त्या रेघेने आठाऐवजी दुधी भोपळा काढला होता.

तो बघायला परीक्षक बाई वाकून पुढे झाल्या आणि तेलावरून सटकून खाली बसल्या. त्यांना उठवायला दुसरे परीक्षक धावले, तेही बसले. मग लाकडाचा भुसा आणून टाकला. तेल गेलं, पण पुढच्या मुलीच्या चाकांत भुसा अडकून ती जागेवरच उभी राहिली. भुसा काढायला पाणी मारलं, तर त्याचा लगदा झाला. स्पर्धा थांबली, पालक आयोजकांवर तुटून पडले. ह्युबर्ट सरांनी सुलक्षणाचा स्केट काढून हुंगला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "हे तेल कोणी घातलं?"

गुणाजी अर्धा उठला. तेवढ्यात सावे म्हणाले, "परब, तुमच्या मुलीवर कुणीतरी डाव साधलाय बघा. असल्या माणसाची वरात काढायला पाहिजे." गुणाजी परत बसला.

"मीच घातलं सर," सुलक्षणा म्हणाली. "मला वाटलं, बरं पडेल."

सर तिला सगळ्यांसमोर वाटेल ते बोलले. गुणाजीला पहिल्यांदा वाटलं ते एवढंच, की आपण सुटलो. आणि तसं वाटल्याची त्याला लगेच इतकी लाज वाटली की त्याने पुढची स्पर्धा जमिनीकडे बघूनच काढली. सुलक्षणा शेवटची आली. सावेंची मुलगी दुसरी आली आणि गुणाजीला त्यांचं अभिनंदन करावं लागलं.

बापलेक नाहूरच्या बाजूने चालतच घरी निघाली. शेवटी गुणाजीला राहवेना. कबूल करायला म्हणून त्याने तोंड उघडलं, पण बाहेर पडला तो आरोप.

"पायात घालायच्या आधी चाक फिरवून बघायचं नाय?"

"बघितलं ना."

"मग?"

"मी पाना पण काढला होता, बाबा. वर बघितलं तर तुम्ही पहिल्या ओळीत. माझ्या पायांकडे बोट करून त्या काकांना काहीतरी सांगत होता, एवढे खूश. तुमच्यासमोर सगळे नट परत आवळायचे... नाही जमलं मला. म्हटलं, सांभाळून घेईन. आत एवढं तेल असेल असं वाटलं नव्हतं."

गुणाजी रस्त्यातच थांबला. चाकांबद्दल तो सावेंना एक अक्षर बोलला नव्हता. ती हिरव्या फ्रॉकवाली माझी मुलगी, एवढंच तो सांगत होता.

"चुकलंय गो, बाय," तो म्हणाला.

हा शब्द त्याच्या तोंडून घरात आजवर कुणी ऐकलेला नव्हता.

"चला," ती म्हणाली, "आई सोनं घेऊन वाट बघत असेल."

गुणाजी निघाला, पण तिच्या बरोबरीने चालायचं काही त्याला जमेना. घर येईपर्यंत तो तिच्या मागूनच चालत राहिला.