डॉक्टर ड्रिल चालवतात

"तू दिवसभर लोकांच्या दातांना भोकं पाडतोस, आणि तुला एका भिंतीला दोन भोकं पाडता येत नाहीत?"

बायकोने एवढेच विचारले होते. पण तिने हे नवऱ्याच्या सासूबाईंच्या देखत विचारले, आणि तिथेच सगळे बिनसले.

डॉक्टर दातांचे होते. दवाखान्यात त्यांचा शब्द चाले. घरी मात्र हातोडी कुठे असते हेही त्यांना विचारून घ्यावे लागे. मागच्या खेपेला सासू-सासरे राहायला आले होते तेव्हा डॉक्टरांनी बाथरूममधला दिवा बदलायला माणूस बोलावला होता. सासूबाई तेव्हा काही बोलल्या नव्हत्या. त्यांनी एकदा दिव्याकडे पाहिले, एकदा जावयाकडे पाहिले, आणि पुन्हा दिव्याकडे पाहिले. ते पाहणे डॉक्टरांच्या मनात अजून सलत होते.

आता मुद्दा होता आरशाचा. नव्या घरात आल्यापासून तो मोठा आरसा बाहेरच्या खोलीत भिंतीला टेकून जमिनीवर उभा होता. येणाऱ्याजाणाऱ्याला त्यात फक्त स्वतःचे गुडघे दिसत.

"आजच लावतो," डॉक्टर म्हणाले, आणि संध्याकाळी खरोखरच नवेकोरे ड्रिल घेऊन आले. बिनवायरचे, बॅटरीवर चालणारे. पिस्तुलासारखे हातात धरले की अंगात आपोआप शौर्य संचारेल असे.

बायकोने खोक्यातले माहितीपत्रक काढून वाचायला घेतले. "थांब, आधी ऐक. चष्मा लावा. सैल कपडे घालू नका. केस, धागेदोरे फिरणाऱ्या भागापासून दूर ठेवा. काही अडकलं तर खटक्यावरचं बोट लगेच—"

"अगं, मला ड्रिल शिकवतेस? माझं आयुष्य गेलं त्यात. आणि याला तर वायरच नाही. अडकणार काय, डोंबल?"

त्यांनी दवाखान्यातला चष्मा चढवला, तोंडाला मास्क लावला, हातमोजेही घालायला निघाले होते, पण बायकोने ते हिसकावून घेतले. मग स्टुलावर चढून त्यांनी भिंतीवर टिचक्या मारल्या.

"कीड लागलीय का बघतोयस?" बायकोने विचारले.

डॉक्टरांनी पेन्सिलीने भिंतीवर एक खूण केली.

त्याच वेळी खोलीच्या मधोमध दुसरे एक काम चालू होते. सासूबाई सासऱ्यांसाठी स्वेटर विणत होत्या. गळ्यापासून सुरू करून गोल गोल विणत तो पोटापर्यंत आला होता, आणि लांबी बघायची म्हणून त्यांनी तो सासऱ्यांच्या अंगात चढवून त्यांना उभे केले होते. रंग हळद आणि गंज यांच्या मधला. गळा थेट कानांपर्यंत. बाह्या अजून व्हायच्या होत्या, तिथून सासऱ्यांचे हात शेतातल्या बुजगावण्यासारखे बाहेर आले होते. कमरेशी सगळे टाके एका लांब गोल सुईवर होते आणि ती सुई सासूबाईंनी दोन्ही हातांत घट्ट धरली होती. सासरे मितभाषी. पंख्याखाली घाम पुसत, मान ताठ करून मुकाट उभे होते.

"हलू नका हो," सासूबाई म्हणाल्या. "रविवारी घालायचाय तुम्हाला. सगळे जमणार आहेत, फोटो निघणार आहेत."

"हं," सासरे म्हणाले.

डॉक्टरांनी ड्रिलचे टोक भिंतीवरच्या खुणेला टेकवले आणि खटका दाबला. घुर्रर्र! आवाज असा दमदार आला की सासूबाईंनीसुद्धा मान वर केली. डॉक्टरांची छाती फुगली. त्यांनी सवयीने भिंतीला धीर दिला, "काही होत नाही, जरा सहन करा."

भिंतीला खरोखरच काही झाले नाही. डॉक्टरांनी जोर लावला, दोन्ही हात लावले, शेवटी खांदाही लावला. रंगाचा एक पोपडा निघाला. त्याखाली एक गुळगुळीत, चकचकीत ठिपका तयार झाला. भोक म्हणावे असे काही पडेना.

"भिंत फार कडक आहे," डॉक्टर मास्कमधून म्हणाले.

"ते यंत्र फिरतंय तरी का?" सासूबाईंनी खालून विचारले.

हा घाव वर्मी बसला. दिव्याच्या वेळी त्या बोलल्या नव्हत्या, आज बोलल्या. डॉक्टर स्टुलावरच वळले, खाली वाकले आणि ड्रिल त्यांच्यापुढे धरून म्हणाले, "फिरत नाही? हे बघा, आई. हे काय आहे? हे फिरणंच आहे ना?"

ते फिरणेच होते. सासूबाईंच्या सुईपासून कोचावरच्या लोकरीच्या गुंड्याकडे गेलेला धागा नेमका मधे लोंबत होता. ड्रिलच्या तोंडाने तो अलगद उचलला.

पहिल्यांदा गुंडा गेला. तो संपतच आला होता. कोचावरून उडी मारून तो सुर्रकन ड्रिलकडे आला आणि दिसेनासा झाला. डॉक्टर घाबरले. यंत्र थांबवायला हवे हे त्यांच्या लगेच लक्षात आले, आणि इतक्या वर्षांच्या सवयीने त्यांनी ते थांबवलेही. म्हणजे पाय उचलला.

दवाखान्यातले त्यांचे ड्रिल पायाने चालायचे. पाय दाबला की सुरू, उचलला की बंद. हे ड्रिल बंद झाले नाही. म्हणून त्यांनी पाय आणखी वर उचलला. आता स्टुलावर एका पायावर उभ्या असलेल्या माणसाचा तोल जातो, आणि तोल गेला की हातात असेल ते माणूस घट्ट धरतो. त्यांनी खटका जिवाच्या आकांताने आवळला.

घुर्रर्र!

"माझी लोकर!" सासूबाई ओरडल्या.

"बोट काढ! बोट!" बायको ओरडली.

"पाय काढलाय मी!" डॉक्टर ओरडले.

धाग्याला हिसका बसला तरी सासूबाईंनी सुई सोडली नाही. त्यांनी ती आणखी घट्ट धरून मागे ओढली. त्यामुळे सुई त्यांच्या हातात राहिली आणि सगळे टाके सुईवरून मोकळे झाले. मग काय विचारता! सासऱ्यांच्या पोटावरून स्वेटर उसवायला लागला. एक वेढा गेला, दुसरा गेला. सासरे जागच्या जागी गोल फिरू लागले. आधी हळू, मग भरभर. हात आडवे पसरलेले, डोळे मिटलेले, आणि स्वेटर पोटावरून छातीवर, छातीवरून काखेत असा चढत चाललेला.

"अहो, थांबा! फिरू नका!"

"मी कुठं फिरतोय, मला फिरवतंय ते!" सासरे म्हणाले. त्या दिवसातले त्यांचे हे सर्वांत मोठे वाक्य.

शेवटी बायको धावली. तिने एका हाताने नवऱ्याला पाठीमागून आधार दिला आणि दुसऱ्या हाताने ड्रिलच्या मुठीखालची बॅटरी खसकन ओढून काढली. घुरघुर थांबली. डॉक्टर एका पायावर, सासरे झिंगून कोचावर. त्यांच्या गळ्यात हळदी रंगाची एक पट्टी तेवढी उरली होती.

सासूबाईंनी पुढे येऊन जावयाच्या हातातून ड्रिल घेतले. त्याच्या तोंडाभोवती लोकरीचा मोठा, गोल, घट्ट गुंडा तयार झाला होता. त्यांनी तो चारी बाजूंनी पाहिला, बोटाने दाबून पाहिला. त्यांचे ओठ थरथरायला लागले. डॉक्टरांनी मास्क खाली ओढला आणि माफीची तयारी केली.

"पाय काढलाय मी!" सासूबाई म्हणाल्या, आणि हसत हसत खाली जमिनीवरच बसल्या. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. मग बायको हसायला लागली, आणि तिला हसताना पाहून डॉक्टरही.

बॅटरी परत बसवताना बायकोने ड्रिलच्या बाजूचे छोटे बटण पाहिले. "अरे, हे उलटं फिरत होतं! स्क्रू काढायचं बटण दाबलंयस तू. असं वर्षभर धरलं असतंस तरी भोक पडलं नसतं."

मग तिने धागा सोडवला, माहितीपत्रक पुन्हा एकदा वाचले, केस बांधले, चष्मा लावला आणि दोन भोके पाडली. डॉक्टरांनी निमूटपणे स्टूल धरले.

आरसा लागल्यावर सासऱ्यांनी जावयाला खुणेने गॅलरीत बोलावले. दार लोटून घेतले. डॉक्टर ओशाळून म्हणाले, "बाबा, खरंच चुकलं माझं. आईंची एवढी मेहनत..."

सासऱ्यांनी त्यांचा हात दोन्ही हातांत धरला. "जावईबापू, तुमचे उपकार कसे फेडू? तो गळा पाहिलात का? रविवारी सगळ्यांच्या फोटोत मी पिकल्या भोपळ्यासारखा दिसलो असतो."

"पण बाबा, तुम्ही तर त्या धाग्याबरोबर गरगर..."

"धागा कसला फिरवतोय मला!" सासरे आवाज आणखी खाली आणत म्हणाले. "पहिला हिसका बसला, मला वाटलं आता तुटतो की काय. म्हटलं, अशी संधी पुन्हा यायची नाही. मीच फिरलो."

दोघे इतके हसले की कठड्यावरचे कबूतर उडाले. डोळे पुसून, चेहरे गंभीर करून ते आत आले, तर सासूबाई टेप घेऊन उभ्याच होत्या.

"या, सरळ उभे राहा," त्या डॉक्टरांना म्हणाल्या. "हात वर करा."

"माझं माप? आई, पण स्वेटर तर बाबांचा..."

"त्यांना नकोच होता. कसे आनंदानं फिरत होते, मला दिसलं नाही होय?" सासूबाईंनी टेप जावयाच्या छातीभोवती गुंडाळला. "तुमच्यासाठी अजून एकदाही काही विणलं नव्हतं मी. वाटायचं, हा माणूस फारच शिष्ट आहे. आज पहिल्यांदा आवडलात बघा."

यावर नाही कसे म्हणणार? डॉक्टरांनी हात वर केले. खरे तर त्यांना बरेही वाटत होते. त्यांनी आशेने सासऱ्यांकडे पाहिले.

सासऱ्यांनी वर्तमानपत्र उघडून तोंडासमोर धरले होते. त्यामागून आवाज आला, "गळा चांगला उंच घे गं. त्यांना सर्दी लवकर होते."