नानांची टाकी

आमचे धुळ्याचे शेजारी नाना दारातच झडती घेत. "काडीपेटी शे? डोकाले तेल? शर्ट टेरिकॉटना?" एकाला जरी होकार आला, की चहा ओट्यावर. "भडका उडी!" असं बजावायचे, आणि आत त्यांचा स्वतःचा स्टो खुशाल भडभडत असायचा.

ही शिस्त मुंबईची. फुप्फुसाचं ऑपरेशन झालं, पण जखम काही भरेना. तेव्हा डॉक्टरांनी त्यांना महिनाभर, रोज दीड तास, काचेची खिडकी असलेल्या एका लोखंडी टाकीत निजवून जास्त दाबाचा प्राणवायू दिला. ठिणगी पडू नये म्हणून आत सगळं सुती. नाना घरी आले ते टाकीचे नियम घेऊनच. दोंडाईच्याला कापूस पिकवण्यात हयात गेलेली, त्यामुळे "शेवट कापूसच कामे उना" हेही वर ऐकावं लागे.

नानी कधीच गेलेल्या, मुलगा सुरतेला. म्हणून तपासणीला मी सोबत निघालो. दाबाने कान दुखू नयेत म्हणून टाकीत आवंढा गिळायला सांगत. कसारा घाट लागताच नाना एस्टीत उभे राहून ओरडले, "बठ्ठा आवंढा गिळा!" अर्धी गाडी गिळायला लागली. कंडक्टरसुद्धा.

डॉक्टरांनी फोटो पाहिला. "जखम पूर्ण भरली, नाना. आता यायची गरज नाही."

मी पेढ्यांचा विचार करत होतो. नानांचं तोंड मात्र एवढंसं झालं. "जराखी कच्ची ऱ्हायनी व्हई, डॉक्टरसाहेब. देखा ना बरं."

डॉक्टर हसले. मलाही हसू आलं, ते बाहेर येईपर्यंत टिकलं. बाकावर बसून नाना म्हणाले, "तठे हात हालाडता ये नही. पन ती टाकीवरनी नर्स पोरगी काचमातून देखत ऱ्हाये. घडीघडी इचारे, 'नाना, बरं वाटतंय ना?' घरमा कोन इचारस?"

मला माझीच लाज वाटली. आमच्या दोन घरांत एकच भिंत होती, आणि मी त्यांच्या गमती गल्लीभर सांगत फिरायचो.

जाता जाता ते टाकीच्या खोलीपाशी थबकले. आत कोणी दुसराच पेशंट होता. काचेशी वाकून तीच मुलगी त्याला काहीतरी विचारत होती. तिने नानांकडे पाहिलं नाही, नानांनी हाक मारली नाही. आमची गाडी चुकणार होती.

"नाना, चला."

"थांब," ते म्हणाले. "त्याले लेवाले कोनी येस का, देखू दे."